राळ

छत्तीस वर्षं माझ्या हातात तेलाची कुपी होती.
इंजिनखोलीत, पाण्याच्या रेषेखाली,
जिथं लोखंड लोखंडाशी कुरकुरायला लागे
तिथं चार थेंब सोडायचो
आणि ते गप्प व्हायचं.
जहाजं बदलली, कंपन्या बुडाल्या,
काम तेच.

आता तारामुंबरीला पडवीत बसून
डाव्या मांडीवर एरहू उभा धरतो
आणि गजाच्या केसांना राळ घासतो,
कुरकुर यावी म्हणून.

ही राळ होडी बांधणाऱ्यांकडची.
मूळची वडी नातवानं गूळ समजून चाखली
आणि रागानं विहिरीत फेकली.

फांग आमच्या जहाजावरचा भांडारी.
त्याचं इंग्रजी माझ्याहून वाईट, माझं त्याच्याहून.
भांडी झाली की मागच्या डेकवर, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून वाजवायचा.
सिंगापूरला कायमचा उतरताना
पेटी माझ्या हातात ठेवली
आणि दोन्ही पंजे उघडून दाखवले.
मी दहा डॉलर काढून दिले.
तो डोळ्यांत पाणी येईतो हसला.
नोट घेतली, घडी करून टोपीत खोचली,
पुन्हा दोन्ही पंजे दाखवले.
मला वाटलं, हावरट आहे.

दोनच तारा. आतली सा, बाहेरची प.
एवढं ओळखीचं, म्हणून फसलो.
गज त्या दोघींच्या मधेच ओवलेला,
बाहेर काढायची सोय नाही.
पुढे रेटला तर बाहेरची बोलते,
अंगाकडे ओढला तर आतली,
आणि मी ओढला तर दोघी एकदम, भांडल्यासारख्या.

त्यात तारेखाली पट्टी नाही.
बोट दाबावं तर खाली नुसती हवा.
गंधार काल जिथं होता
तिथं आज सकाळी कुणीच नव्हतं.
नातू सड्यावर जाऊन, रेंज पकडून
कुठल्याशा चिनी मुलीचे धडे मोबाइलवर उतरवून आणतो.
मुलगी सात वर्षांची.
मी ते धडे आवाज बंद करून बघतो.

आषाढात अजगराचं कातडं सैल पडलं.
आवाज असा, जणू ओल्या गोणपाटाआडून कुणी खोकतंय.
प्रमिलानं काही न बोलता एरहू उचलला,
चुलीवरच्या माळ्यावर ठेवला,
आमसुलांचा डबा एका बाजूला, सुकी सुंगटं दुसऱ्या.
तेव्हापासून त्याला सुंगटांचा वास येतो.
भांडाऱ्याचं वाद्य. चालायचंच.

दाजी कुबल कुंपणावरून म्हणाला,
"रहाटाक तेल घाल रे, रातभर करकरता हा."
मी कुपी घेऊन गेलो
आणि त्याच्या रहाटाला तेल घातलं, माझ्याही.
आता करकर ऐकू आली तर ती कुणाची
याबद्दल गावात शंका नको.

दाजीच एकदा जवळ येऊन बसला.
माझा डावा पंजा बघितला, तारेचे वळ बघितले.
"जोर कित्याक करतंस?
गरवताना दोरी बोटावर नुसती ठेवतात.
खाली काय हा ता दोरीच सांगता."
आणि निघून गेला, भरती चुकेल म्हणून.

तेवढ्या एका दिवशी बोट हलकं पडलं.
एक स्वर आला, लांब, न फाटता,
खाडीपलीकडच्या माडांपर्यंत गेलासा वाटला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा गोणपाट.

परवा गज हातातच थांबला.
दहा डॉलर नव्हे. दहा वर्षं.
ते तो सांगत होता, बंदराच्या भोंग्याखाली,
दोन्ही पंजे उघडून, दोनदा.
मी त्रेसष्टचा. हा पाचवा महिना.

प्रमिलानं आतून विचारलं,
"सा का हो हा?"
मी राळ उचलली.
"जवळपास," म्हटलं.